यजमान साथीदार आणि पाहुणा गायक : 'ब्रीदिंग अंडर वॉटर' ह्या ध्वनिसंग्रहाच्या निमित्ताने

१

रागसंगीताच्या मैफलीत प्रमुख कोण आणि साथीदार कोण, ह्याविषयी श्रोत्याच्या मनात सहसा संदेह नसतो. गायक मध्यभागी बसतो. तबलजी आणि संवादिनीवादक त्याच्या दोन्ही बाजूंस असतात. तानपुरे मागे असतात. ही केवळ बैठकीची व्यवस्था नव्हे. तीत अधिकाराची एक उतरंड व्यक्त झालेली असते. राग कोणता, लय कोणती, विस्तार किती करावयाचा आणि समेवर केव्हा यावयाचे, ह्या सर्व गोष्टी गायक ठरवतो. आपली संगीतसमीक्षा ही उतरंड गृहीत धरूनच वाढली. त्यामुळे एखाद्या मैफलीचे परीक्षण करताना समीक्षक गायकीवर चार परिच्छेद लिहितो आणि 'साथ समयोचित होती' ह्या एका वाक्याने तबलजीची बोळवण करतो.

ही उतरंड जेथे उलटी झालेली आहे, अशा एका ध्वनिसंग्रहाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. अनुष्का शंकर आणि कर्ष काळे ह्यांचा 'ब्रीदिंग अंडर वॉटर' हा संग्रह २००७ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. तीत तेरा रचना आहेत. दोघांपैकी एकही मुख्यतः गायक म्हणून ओळखला जात नाही. अनुष्का शंकर सतारवादक, तर काळे तबला आणि पाश्चात्त्य ड्रम ही दोन्ही वाद्ये वाजवणारे, शिवाय विद्युत्साधनांवर ध्वनींची जुळणी करणारे. म्हणजे येथे वादक यजमान झाले आहेत आणि गायक पाहुणे म्हणून आले आहेत. पाहुण्यांची यादीही लहानसहान नाही : नोरा जोन्स, स्टिंग, शंकर महादेवन, सुनिधी चौहान, विशाल वैद, आणि वादकांत स्वतः पंडित रविशंकर.

कर्ष काळे ह्यांचे पूर्ण नाव उत्कर्ष काळे. त्यांचा जन्म १९७४ साली इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमिच येथे एका मराठी कुटुंबात झाला आणि ते अमेरिकेत न्यूयॉर्कच्या परिसरात वाढले. परदेशस्थ मराठी कुटुंबातील मुलगा तबला शिकतो, ही काही नवलाची गोष्ट नाही. नवल आहे ते हे की, त्या तबल्याला साथीचे वाद्य न ठेवता त्याने संगीतरचनेचा पाया केले. 'रिअलाइझ' (२००१) आणि 'लिबरेशन' (२००३) ह्या त्यांच्या आधीच्या संग्रहांतही हीच दिशा दिसते. तेव्हा 'ब्रीदिंग अंडर वॉटर'कडे एक सुटी कृती म्हणून न पाहता, साथीदाराच्या स्थानात झालेल्या बदलाचे उदाहरण म्हणून पाहणे अधिक फलदायी ठरेल, असे वाटते.

२

ज्या संगीतप्रकारात हा संग्रह मोडतो, त्याला पाश्चात्त्य देशांत 'डाउनटेम्पो' असे म्हणतात. त्याच्या जवळचा, त्याहून गडद छटेचा प्रकार म्हणजे 'ट्रिप हॉप'. हे दुसरे नाव १९९४ च्या सुमारास ब्रिटिश संगीतनियतकालिकांतून रूढ झाले. प्रकार मात्र त्याआधीच इंग्लंडमधील ब्रिस्टल ह्या बंदराच्या शहरात आकार घेत होता. 'मॅसिव्ह अटॅक' ह्या ब्रिस्टलच्या संचाचा 'ब्लू लाइन्स' हा पहिला संग्रह १९९१ चा. संथ आणि जड ठेका, तळाशी घुमणारा खर्ज, जुन्या तबकड्यांतून उचललेले ध्वनींचे तुकडे आणि वर तरंगणारा, बहुधा उदास असा मानवी आवाज, ही त्याची ढोबळ लक्षणे होत.

ह्या प्रकारात पाहुण्या गायकाची प्रथा का पडली, हे समजून घेतले पाहिजे. मॅसिव्ह अटॅकची मंडळी मुळात 'द वाइल्ड बंच' ह्या नावाने ध्वनिक्षेपकांचा ताफा घेऊन समारंभ करीत असत. ही पद्धत जमेकाहून इंग्लंडात स्थायिक झालेल्या लोकांनी आणली. तीत तबकडी लावणारा हा मुख्य. ध्वनिक्षेपकासमोर येऊन गाणारे वा बोलणारे बदलत राहात. तीच रीत पुढे ध्वनिमुद्रणशाळेत शिरली. म्हणून 'ब्लू लाइन्स'मध्ये शारा नेल्सन आणि जमेकाचे ज्येष्ठ गायक होरेस अँडी हे गातात, १९९४ च्या 'प्रोटेक्शन'मध्ये ट्रेसी थॉर्न येते, तर १९९८ च्या 'मेझनीन'मध्ये एलिझाबेथ फ्रेझर. संच तोच, आवाज निराळे. ह्याला अपवादही आहेत. ब्रिस्टलच्याच परिसरातील 'पोर्टिसहेड' ह्या संचात बेथ गिबन्स ही एकच गायिका आरंभापासून आहे, आणि त्यामुळे त्या संचाच्या संगीताला एका व्यक्तीच्या आत्मकथनाचे रूप आले आहे. पाहुण्या गायकांच्या संग्रहाला असे रूप येत नाही. त्याचे ऐक्य आवाजात नसते. ते ठेक्यात आणि ध्वनीच्या पोतात शोधावे लागते.

इंग्लंडातील भारतीय वंशाच्या कलावंतांनी ही पद्धत लवकरच आपलीशी केली. तालविन सिंग ह्या तबलावादकाच्या 'ओके' ह्या १९९८ च्या संग्रहाला पुढच्या वर्षी ब्रिटनमधील मर्क्युरी पारितोषिक मिळाले. नितिन साहनी ह्यांचा 'बियाँड स्किन' हा संग्रह १९९९ चा. २००० साली 'तबला बीट सायन्स' ह्या नावाने उस्ताद झाकिर हुसेन, त्रिलोक गुर्टू, तालविन सिंग, कर्ष काळे आणि अमेरिकन संगीतकार बिल लॅस्वेल एकत्र आले. त्यांच्यात उस्ताद सुलतान खाँ सारंगी घेऊन बसले. तबला हा ज्याचा केंद्रबिंदू आहे आणि सारंगी व गळा ज्याच्या परिघावर आहेत, असे ते संगीत होते. नाव देतानाच उतरंड उलटविली गेली होती.

३

परंतु ही उलथापालथ पूर्णतः परदेशी आहे, असे मानण्याचे कारण नाही. तिची दोन पूर्वरूपे आपल्या परिचयाची आहेत, आणि त्यांतील एकाचा संबंध नाशिकशी पोहोचतो.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात नाशिकला पंचवटीत आश्रम स्थापून वास्तव्य केले, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुसकर ह्यांचा जन्म १९२१ साली नाशिकचाच. १९५२ साली 'बैजू बावरा' ह्या चित्रपटासाठी संगीतदिग्दर्शक नौशाद ह्यांनी पलुसकर आणि उस्ताद अमीर खाँ ह्या दोघांकडून तानसेन व बैजू ह्यांच्या सामन्याची जुगलबंदी गाऊन घेतली. दोघेही त्या चित्रपटात पाहुणेच होते. सामन्याचा निकाल कथेने आधीच ठरविलेला होता. काल मर्यादित होता. वाद्यमेळ दुसऱ्याने बांधलेला होता. असे असूनही पलुसकरांचा स्वच्छ, सरळ लागणारा स्वर आणि अमीर खाँचा गंभीर, आतून येणारा स्वर हे क्षणार्धात वेगळे ओळखू येतात. म्हणजे पाहुणा म्हणून गाणाऱ्याची गायकी नष्ट होते असे नाही. ती संक्षिप्त होते. संक्षेपातही तिची ओळख उरते की नाही, ही पाहुण्याची कसोटी. संक्षेप करूनही ती ओळख राखली जाते की नाही, ही यजमानाची कसोटी.

दुसरे पूर्वरूप त्रिलोक गुर्टू ह्यांच्या 'उस्फ्रेत' ह्या १९८८ च्या संग्रहात आढळते. तालवादक मुलगा यजमान आणि पाहुणी गायिका त्याची आई, शोभा गुर्टू. बेळगावात जन्मलेल्या, ठुमरी-दादऱ्यात अखिल भारतात मान्यता पावलेल्या ह्या गायिकेच्या जन्मभरच्या मैफलींत तबला तिच्या स्वराची वाट पाहात असे. येथे तिचा स्वर तालवाद्यांच्या, डॉन चेरीच्या कर्ण्याच्या आणि जॅझच्या स्वरमेळाच्या घरात प्रवेश करतो. तरीही तो अवघडलेला वाटत नाही, कारण शब्द उच्चारण्याची तिची पद्धत, ओळीच्या शेवटी स्वर किंचित सोडून देण्याची तिची लकब, मुलाने ओळखून तिला मोकळी जागा ठेवली आहे. पाहुणचाराचा हा नमुना पुढील विवेचनात आपल्या उपयोगी पडेल.

४

ध्वनिसंग्रहाकडे वळण्यापूर्वी लयीचा प्रश्न थोडक्यात पाहिला पाहिजे. 'डाउनटेम्पो' ह्या शब्दाचा 'विलंबित' असा अनुवाद करण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. तो टाळणे इष्ट होय. दोन्ही ठिकाणी गती मंद असते, एवढेच साम्य.

विलंबित एकतालाचे एक आवर्तन बारा मात्रांचे. अतिविलंबित लयीत ते पाऊण मिनिट ते एक मिनिट इतके लांबू शकते. ह्या अवधीत गायक लयीशी सैल राहून आलाप करतो आणि मुखडा घेऊन समेवर उतरतो. सम येणार हे श्रोत्यास ठाऊक असते. गायक तिच्यावर कसा उतरणार, हे ठाऊक नसते. ख्यालातील रसाचा बराच भाग ह्या अनिश्चिततेत साठवलेला असतो. आता मिनिटास ऐंशी ठोके असा मंद पाश्चात्त्य ठेका घेऊ. चार ठोक्यांचा एक गट तीन सेकंदांत संपतो. चार गटांचे एक वर्तुळ बारा सेकंदांत. तेच वर्तुळ पुनःपुन्हा येते. तेथे समेची वाट पाहावी लागत नाही. ती सतत येतच असते. म्हणून अशा संगीतातील आस्वादाचे केंद्र प्रतीक्षेत नसून पोतात असते. त्याच वर्तुळावर नवा थर केव्हा चढला, कोणता थर काढून घेतला, खर्ज केव्हा थांबला, ह्याकडे कान लावावे लागतात.

गायकाच्या दृष्टीने ह्याचा परिणाम मोठा आहे. ज्या संगीतात सम क्षणोक्षणी येते, त्यात समेवर येण्याचे कौशल्य निरुपयोगी ठरते. गायकाचे सर्वांत मोठे आयुधच काढून घेतले जाते. त्याच्याकडे उरतो तो आवाजाचा वर्ण, शब्दाचा उच्चार आणि एखादी मोजकी हरकत. पाहुण्या गायकाचे मूल्यमापन ह्या उरलेल्या भांडवलावरच करावयास हवे. 'विस्तार झाला नाही' अशी तक्रार करणे म्हणजे अभंगात तराण्याची अपेक्षा करण्यासारखे होईल.

५

'ब्रीदिंग अंडर वॉटर'मधील पाहुण्यांचे तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग जागतिक कीर्तीच्या इंग्रजी गायकांचा. 'सी ड्रीमर' ही रचना स्टिंग गातो. ह्या भेटीला पूर्वेतिहास आहे : स्टिंगच्या 'सेक्रेड लव्ह' ह्या २००३ च्या संग्रहात अनुष्का शंकर ह्यांनी सतार वाजविली होती. म्हणजे ही परतभेट आहे. स्वतः स्टिंगलाही पाहुणचार करण्याचा अनुभव आहे. १९९९ च्या 'ब्रँड न्यू डे'मध्ये त्याने अल्जीरियाचा गायक शेब मामी ह्यास बोलाविले होते. ह्या पार्श्वभूमीवर 'सी ड्रीमर' ऐकताना अपेक्षा वाढते, पण ती पुरी होत नाही. स्टिंगचा आवाज इतका परिचित आहे की, तो सुरू होताच रचना त्याची होऊन जाते. सतार सुंदर वाजते, पण ती उत्तर देत नाही. ती दोन ओळींमधील जागा भरते. यजमान आपल्याच घरात पाहुण्याच्या मागे उभा राहिला की जे होते, ते येथे झाले आहे. उतरंड उलटविण्याचा संकल्प कीर्तीच्या वजनाखाली पुन्हा मूळ पदावर आला.

नोरा जोन्स ह्यांच्या 'ईझी' ह्या गीताची गोष्ट निराळी. नोरा आणि अनुष्का ह्या एकाच पित्याच्या, रविशंकरांच्या, दोन मुली; माता भिन्न, बालपणही भिन्न. नोरा टेक्ससमध्ये आईजवळ वाढली आणि २००२ च्या 'कम अवे विथ मी' ह्या संग्रहाने स्वतःच्या बळावर प्रसिद्ध झाली. ही कौटुंबिक माहिती समीक्षेला अप्रस्तुत आहे, असे कोणी म्हणेल. परंतु 'ईझी'मध्ये आवाज आणि सतार ह्यांच्यात जो संकोच आहे, तोच त्या गीताचा गुण आहे. नोराचा आवाज मुळात कमी बोलणारा. ती स्वर ताणीत नाही, लावते आणि सोडते. सतारीला त्यामुळे जागा मिळते. दोघींपैकी कोणीही दुसरीला झाकीत नाही. 'उस्फ्रेत'मध्ये जे मुलाने आईसाठी केले, त्याच्या जवळ जाणारे काही येथे घडते.

दुसरा वर्ग हिंदी चित्रपटसंगीतात ख्याती मिळविलेल्या गायकांचा. शंकर महादेवन ह्यांच्या गळ्याची फिरत आणि कर्नाटक पद्धतीची तालीम मराठी श्रोत्यास पुरेशी परिचित आहे. सुनिधी चौहान ह्यांच्या आवाजातील धारही तशीच. ह्या रचनांत त्यांचा आवाज तंतुवाद्यांच्या मेळात आणि विद्युत्ध्वनींच्या थरांत विणलेला आहे. काळे ह्यांचे कसब येथे सर्वांत स्पष्ट दिसते. गळ्यातून निघालेली तान आणि यंत्रातून निघालेला ध्वनी ह्यांच्यातील सांधा सहसा दिसत नाही. पण ह्याच यशात एक उणीवही आहे. आवाज इतका विणला गेला की तो कोणाचा, हा प्रश्न श्रोत्याच्या मनात उरत नाही. 'बैजू बावरा'च्या जुगलबंदीत एका क्षणात ओळखू येणारी जी गायकी, ती येथे वस्त्राच्या किनारीतील जर झाली आहे. पाश्चात्त्य गायकांच्या आवाजाला गीत मिळाले, आपल्या गायकांच्या आवाजाला पोत मिळाला, असा भेद ह्या संग्रहात पडला आहे. तो हेतुतः केला असेल असे नाही. पण ऐकणाऱ्यास तो जाणवतो, आणि ज्या संग्रहाचा प्रकृतिधर्मच समान पाहुणचार हा आहे, त्यात तो खटकतो.

तिसऱ्या वर्गात एकच पाहुणा आहे, आणि तो गायक नाही. 'ओशॅनिक' ह्या दोन भागांच्या रचनेच्या निमित्ताने रविशंकर येतात. त्या वेळी त्यांचे वय सत्याऐंशीच्या घरात होते. गुरू शिष्येच्या घरी पाहुणा म्हणून यावा, हा प्रसंग गुरुकुलाच्या परंपरेत सहसा न घडणारा. मैफलीत शिष्य गुरूच्या मागे बसून स्वर देतो. येथे संग्रहावर नाव शिष्येचे आणि गुरू एका रचनेपुरता. तरीही संग्रहातील सर्वांत मोकळे संगीत येथेच ऐकावयास मिळते. ठेक्याची सक्ती सैल होते, स्वराला श्वास मिळतो, आणि क्षणभर वाट पाहाण्याचा जुना आनंद परत येतो. ज्या पाहुण्याला काही सिद्ध करावयाचे नव्हते, त्याने घराला घरपण दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

६

संग्रहाचा एकंदर तोल पाहता मुख्य दोष पाहुण्यांच्या संख्येत आहे. तेरा रचनांत इतके आवाज येऊन जातात की एकाशीही ओळख दृढ होत नाही. ह्या मताला पुष्टी देणारा पुरावा अनुष्का शंकर ह्यांच्याच पुढील कार्यात मिळतो. नितिन साहनी ह्यांच्या निर्मितीखालील 'ट्रेसेस ऑफ यू' हा त्यांचा संग्रह २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याची सिद्धता चालू असतानाच, २०१२ च्या डिसेंबरात, रविशंकर निवर्तले. त्या संग्रहात गाणारा आवाज पुन्हा नोरा जोन्स ह्यांचाच आहे, पण ह्या वेळी एका गीतापुरता नव्हे, तीन गीतांत. आवाज दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा परत येतो, तेव्हा तो पाहुणा राहात नाही, घरातला होतो. एकाच आवाजाला वारंवार बोलाविल्याने यजमानाचे स्थान डळमळत नाही, उलट दृढ होते, हे ह्यावरून दिसते. २००७ साली जे आठ-दहा जणांच्या उपस्थितीने साधले नाही, ते २०१३ साली एका आवाजाच्या पुनरागमनाने साधले.

परंतु ह्या दोषामुळे 'ब्रीदिंग अंडर वॉटर'चे महत्त्व कमी होत नाही. ते महत्त्व श्रेयाच्या प्रश्नात आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाला, आणि गौहर जान ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत असे. गायिकेचे नाव अशा रीतीने कायमचे कोरले गेले. तिच्यामागे सारंगी आणि तबला कोण वाजवीत होते, ते मात्र कित्येक जुन्या तबकड्यांच्या कागदी चकतीवर छापलेले नाही. ती माणसे आज केवळ ध्वनिरूपाने उरली आहेत. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी एका मराठी आडनावाचा तालवादक संग्रहाच्या मुखपृष्ठावर यजमान म्हणून येतो आणि गायकांची नावे आतल्या यादीत जातात. ह्याला सूड म्हणता येणार नाही, कारण ह्या यादीत प्रत्येकाचे नाव आहे. साथीदाराने यजमान झाल्यावर पाहुण्याला निनावी ठेवले नाही, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ह्यातून एक काम निघते. नाशिकमध्ये अशा प्रकारचे संगीत अपरिचित नाही. २००८ पासून द्राक्षमळ्यांच्या परिसरात भरू लागलेल्या सुलाफेस्टसारख्या महोत्सवांतून ते तरुण श्रोत्यांनी ऐकले आहे. पण त्याविषयी लिहिताना आपण एक तर 'संकर' म्हणून नाक मुरडतो, किंवा 'प्रयोग' म्हणून पाठ थोपटतो. दोन्ही प्रतिक्रियांत ऐकण्याचे श्रम वाचतात. कोणत्या आवाजाला किती जागा दिली, ती जागा ठेक्याने कशी आखली, आणि त्या जागेत गायकी उरली की केवळ आवाज उरला, हे तीन प्रश्न प्रत्येक रचनेला स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे 'सी ड्रीमर'ला एक येतील, 'ईझी'ला दुसरी, 'ओशॅनिक'ला तिसरी. आणि ह्या प्रश्नांची सवय लागली म्हणजे मैफलीच्या परीक्षणातही 'साथ समयोचित होती' ह्या वाक्यापाशी आपली लेखणी थांबणार नाही, अशी आशा आहे.